परमुलखातील वकिलात आणि संकटकाळ

बेंगळूर शहराच्या पूर्व अंगास महादेवपुरा नावाचा विभाग आहे. व्हाइटफील्ड, मारथहळ्ळी, वर्तूर ही जुनी गावे आता त्याच्या पोटात आली असून तेथील तलावांच्या आसपास संगणकाच्या धंद्याने काचेच्या उंच इमारती उभ्या केल्या आहेत. पुणे, कोल्हापूर, नागपूर, बेळगाव येथून आलेले कितीतरी मराठी तरुण-तरुणी तेथे नोकरी करतात, आणि त्यांतील पुष्कळांना केव्हा ना केव्हा परदेशी जाण्याचा योग येतो. मग मारथहळ्ळीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात खेटे होतात, पुस्तिका हाती येते, छायाचित्र बरे आले की नाही एवढे पाहिले जाते, आणि ती कपाटात जाऊन बसते. तीत छापलेली एक सूचना मात्र सहसा कोणी वाचत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने जवळच्या भारतीय वकिलातीत किंवा कचेरीत आपले नाव नोंदवावे, अशी ती सूचना आहे.

सूचना रुक्ष आहे; तिच्यात धोक्याचा उल्लेखही नाही. तथापि कोणत्याही वकिलातीच्या आपत्कालीन योजनेची कागदपत्रे उघडली तर पहिल्या पानावर याच नोंदीतून तयार झालेली यादी असावी लागते. आपली माणसे किती, कोठे राहतात, त्यांच्यात मुले किती, आजारी किती, त्यांच्यापर्यंत निरोप कसा पोचेल, हे ठाऊक नसेल तर पुढची सारी योजना वाऱ्यावरची वरात ठरते.

वकिलातीची जागा ही तिच्या देशाचीच भूमी असते, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. कायद्याच्या दृष्टीने तो खरा नाही. भूमी यजमान देशाचीच राहते. मात्र १८ एप्रिल १९६१ रोजी व्हिएन्ना येथे झालेल्या कराराच्या २२ व्या कलमानुसार ती अनुल्लंघनीय असते. वकिलातीच्या प्रमुखाच्या संमतीवाचून यजमान देशाच्या पोलिसालाही आत पाऊल टाकता येत नाही, आणि बाहेरच्यांच्या हल्ल्यापासून त्या जागेचे रक्षण करण्याचे खास कर्तव्य यजमानाच्याच शिरावर असते. म्हणजे भिंतीच्या आत पाहुण्याचे पहारेकरी आणि भिंतीच्या बाहेर यजमानाचे पोलीस, अशी ही वाटणी आहे. यजमान दुबळा असला, किंवा त्याच्या मनातच नसले, तर करार कागदावर राहतो. ४ नोव्हेंबर १९७९ रोजी तेहरानमधील अमेरिकन वकिलातीत जमाव शिरला. त्या प्रकरणी ५२ माणसे ४४४ दिवस ओलीस राहिली. म्हणून प्रत्येक राष्ट्र करारावर विश्वास ठेवते, आणि त्याबरोबरच स्वतःची तजवीजही करून ठेवते.

या तजविजीचा पाया म्हणजे धोक्याची प्रतवारी. इंग्लंडमध्ये दहशतवादी धोक्याच्या पाच पायऱ्या सांगितल्या जातात आणि २००६ पासून त्या जनतेसाठी जाहीर केल्या जातात. अमेरिकन परराष्ट्र खाते आपल्या प्रवाशांसाठी २०१८ पासून प्रत्येक देशाला चारांपैकी एक क्रमांक देते, आणि आपल्या प्रत्येक वकिलातीच्या धोक्याचीही अंतर्गत प्रत ठरवते. प्रत ठरवताना दोन गोष्टी वेगवेगळ्या तोलाव्या लागतात. हल्ला करण्याची कोणाची इच्छा आहे आणि ताकद आहे, ही एक. हल्ला झालाच तर आपली बाजू कोठे उघडी आहे, ही दुसरी. शांत शहरातील उघडी कचेरी आणि अशांत शहरातील बंदिस्त गढी यांपैकी अधिक जोखीम कोठे, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

शिडीच्या प्रत्येक पायरीला एकेक कृती बांधलेली असली तरच तिला अर्थ असतो. अमुक प्रत आली की गाड्यांची तपासणी वाढवायची. त्यापुढची आली की कुटुंबीयांना स्वेच्छेने मायदेशी जाण्याची मुभा द्यायची. आणखी वर गेल्यास निकडीचे कर्मचारी सोडून बाकीच्यांना हुकुमाने पाठवायचे. शेवटी ध्वज उतरवून दाराला कुलूप लावायचे. अमेरिकन पद्धतीत हे टप्पे जवळपास असेच आहेत. वरच्या पायरीवर फार काळ उभे राहिले की मात्र ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांसारखी पहारेकऱ्यांची अवस्था होते. शिवाय पायरी चढणे ही नुसती पहाऱ्याची बाब नव्हे. बायकामुलांना परत पाठवणे म्हणजे यजमान सरकारला ‘तुमच्यावर आमचा भरवसा नाही’ असे सांगणे होय. यजमान रागावतो, व्यापारी बिथरतात, आणि म्हणून अनेकदा तो निर्णय एकेक दिवसाने पुढे ढकलला जातो.

ही शिडी कोणासाठी आहे, हा प्रश्न मराठी माणसाला एका नावामुळे अगदी जवळचा आहे. पुण्यात मुठा नदीवर म्हात्रे पूल आहे. त्यावरून रोज जाणाऱ्यांपैकी बहुतेकांना हे म्हात्रे कोण याची कल्पना नसते. रवींद्र म्हात्रे हे बर्मिंगहॅम येथील भारतीय कचेरीत अधिकारी होते. ३ फेब्रुवारी १९८४ रोजी, मुलीच्या वाढदिवसाचा केक घेऊन, ते नेहमीप्रमाणे बसने घरी निघाले आणि बार्टली ग्रीन भागात उतरताच त्यांना पळवून नेण्यात आले. ‘काश्मीर लिबरेशन आर्मी’ या नावाने मागणी आली : तिहार तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या मकबूल बट्टची व त्याच्या साथीदारांची सुटका, आणि दहा लाख पौंड. भारत सरकारने ती मानली नाही. ५ फेब्रुवारीला लेस्टरशायरमधील शेताकडे जाणाऱ्या एका वाटेवर म्हात्रे यांचा मृतदेह सापडला. ११ फेब्रुवारीला मकबूल बट्ट फासावर गेला.

बर्मिंगहॅम हे काही बैरूत नव्हते. यजमान सरकार मित्राचे, पोलीस कार्यक्षम, शहर कारखान्यांचे. धोक्याच्या कोणत्याही यादीत त्याचा क्रमांक वर लागला नसता. परंतु हल्लेखोर यादी पाहून जागा निवडत नाही; जेथे माणूस सहज हाती लागेल ती जागा तो निवडतो. कचेरीभोवती तट उभारला असता तरी बसच्या थांब्यावर त्याचा उपयोग नव्हता. वाटा आणि वेळा बदलत राहाव्यात, रोज ठरावीक क्षणी ठरावीक जागी दिसू नये, ही परदेशी नेमणूक होणाऱ्या अधिकाऱ्याला दिली जाणारी शिकवण ऐकताना क्षुल्लक वाटते. घरी वेळेवर पोचू पाहणाऱ्या गृहस्थाला ती पाळणे किती कठीण असते, हे वेगळे सांगायला नको.

तटाची गोष्ट निघाली म्हणून काबूलकडे वळले पाहिजे. ७ जुलै २००८ रोजी सकाळी तेथील भारतीय वकिलातीच्या फाटकाशी अधिकाऱ्यांची गाडी आली असता स्फोटकांनी भरलेली मोटार तिच्यावर येऊन आदळली. ब्रिगेडियर रवी दत्त मेहता, मुत्सद्दी व्ही. वेंकटेश्वर राव आणि भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे दोन जवान मारले गेले. पण मृतांची एकूण संख्या पन्नासाच्या वर होती, आणि त्यांत बहुसंख्य अफगाण नागरिक होते. कोणी व्हिसासाठी आलेले, कोणी नुसते रस्त्याने जाणारे. त्यानंतर वकिलातीची तटबंदी मजबूत करण्यात आली. ८ ऑक्टोबर २००९ रोजी पुन्हा तसाच स्फोट झाला, तेव्हा आतील अधिकारी व कर्मचारी वाचले. बाहेर सतरा माणसे मेली. तटबंदीने आपले काम चोख बजावले होते. पण तट मृत्यूला पुष्कळदा केवळ आतून बाहेर लोटतो, हेही त्या दिवशी दिसले.

अमेरिकनांना हा धडा आधीच मिळाला होता. बैरूतमधील त्यांच्या वकिलातीवरील १९८३ च्या हल्ल्यानंतर निवृत्त ॲडमिरल बॉबी इनमन यांच्या अध्यक्षतेखाली एक मंडळ नेमले गेले, आणि १९८५ च्या त्याच्या अहवालानंतर नव्या इमारती रस्त्यापासून किमान शंभर फूट आत असाव्यात असा दंडक पडला. नैरोबीची त्यांची जुनी इमारत मात्र शहराच्या ऐन मध्यावर, वर्दळीच्या चौकात तशीच उभी राहिली. ती धोक्याची आहे, असे राजदूत प्रुडन्स बुशनेल यांनी आपल्या सरकारला वारंवार कळवले होते. ७ ऑगस्ट १९९८ रोजी तेथे बाँब फुटला आणि दोनशेहून अधिक माणसे मेली; बहुतेक सारी केनियाची. त्यात एक गोष्ट विशेष शोचनीय आहे. मोठ्या स्फोटापूर्वी काही क्षण हातबाँबचा आवाज झाला होता, आणि काय झाले हे पाहण्यास आसपासच्या कचेऱ्यांतील माणसे खिडक्यांकडे धावली. मागाहून आलेल्या धक्क्याने काचा फुटल्या व अनेकांचे डोळे गेले. आवाज ऐकताच खिडकीपासून दूर होऊन जमिनीवर आडवे व्हावे, एवढी एकच सवय किती दृष्टी वाचवू शकली असती!

आपत्कालीन योजनेत अशाच साध्या गोष्टी भरलेल्या असतात. पाणी व शिधा किती दिवसांचा, जनित्रासाठी इंधन किती, तार-टेलिफोन तुटल्यास बिनतारी यंत्र कोठे, रोख रक्कम कोणाच्या ताब्यात, शहराचे भाग पाडून प्रत्येक भागात निरोप पोचवणारा माणूस कोण, जमायचे कोठे, विमानतळ बंद झाल्यास बंदराची वाट कोणती. गुप्त कागद व सांकेतिक लिपीची साधने कोणत्या क्रमाने नष्ट करायची, हेही लिहून ठेवावे लागते. तेहरानच्या वकिलातीत यंत्राने कागदांच्या पट्ट्या केल्या होत्या. जमावातील विद्यार्थ्यांनी त्या चिकाटीने जुळवून पुन्हा वाचल्या आणि पुस्तकरूपाने छापल्या! निघण्याची खूण हा तर स्वतंत्र विषय आहे. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव सोडताना अमेरिकनांनी नभोवाणीची मदत घेतली. शहराचे तापमान १०५ अंश असून वाढत आहे, असे वाक्य आणि त्यापाठोपाठ नाताळातील बर्फाचे एक गाणे, ही त्यांची खूण होती. ऐन उन्हाळ्यात बर्फाचे गाणे ऐकून जाणत्यांनी बोचकी उचलली.

खुणेतच खरी अडचण दडलेली आहे. ती जाणत्यांना कळते, इतरांचे काय? डिसेंबर १९८८ मध्ये हेलसिंकी येथील अमेरिकन वकिलातीला निनावी टेलिफोन आला, की फ्रँकफुर्टहून अमेरिकेला जाणाऱ्या पॅन ॲम कंपनीच्या विमानात बाँब ठेवला जाणार आहे. मॉस्कोतील वकिलातीत ही सूचना फलकावर लावली गेली. सामान्य उतारूंना मात्र ती कळली नाही. २१ डिसेंबरला त्या कंपनीचे विमान स्कॉटलंडमधील लॉकर्बी गावावर फुटले आणि जमिनीवरील अकरा जणांसह २७० माणसे गेली. त्या टेलिफोनचा या घातपाताशी संबंध नव्हता, असे पुढे तपासात ठरले. परंतु आप्तांचा प्रश्न निराळा होता : नोकरांना जे सांगितले ते नागरिकांना का नाही? त्यातून अमेरिकेने नियम केला, की आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेला इशारा त्याच धोक्याच्या छायेतील नागरिकांपासून लपवता येणार नाही.

इशारा जाहीर झाला म्हणजे तो पोचला, असेही नाही. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्ह येथील भारतीय वकिलातीने, ज्यांना राहण्याची निकड नाही अशा भारतीयांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरते निघून जाण्याचा विचार करावा, असे सुचवले. आणि आपण कोठे आहोत हे वकिलातीला कळवत राहावे, अशीही विनंती केली. ‘विचार करावा’ या शब्दांत मुत्सद्दीपणा होता. विद्यार्थ्यांपुढे मात्र हजेरीचा प्रश्न होता, विमानाच्या भाड्याचा प्रश्न होता, आणि महाविद्यालये वर्ग बंद करीत नव्हती. २४ तारखेला युद्ध पेटले. १ मार्चला वकिलातीचे शब्द बदलले : मिळेल त्या साधनाने आजच कीव्ह सोडा. त्याच दिवशी खार्किवमध्ये, अन्न आणण्यासाठी बाहेर पडलेला कर्नाटकातील एक वैद्यकीय विद्यार्थी मारला गेला. २ मार्चचा इशारा याहून कठोर होता. खार्किवमधील भारतीयांनी तत्काळ निघावे, वाहन नसेल तर पायी चालत पेसोचिन, बाबाये, बेझल्युदोव्हका या गावांपैकी कोठेही संध्याकाळी सहापूर्वी पोचावे. दोन आठवड्यांत ‘विचार करावा’पासून ‘पायी चाला’पर्यंत शिडी चढून झाली. पुढे सुमारे साडेबावीस हजार भारतीय सुखरूप परतले. खुद्द वकिलात मार्चमध्ये पोलंडला हलली आणि मे महिन्यात कीव्हला परत आली.

वकिलात हलते तेव्हा एक वर्ग हलत नाही. टंकलेखक, मोटारचालक, माळी, दुभाषे असे स्थानिक नोकर प्रत्येक वकिलातीत असतात. ते यजमान देशाचेच नागरिक. त्यांना मायदेशी पाठवण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ते तेथेच असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडले, आणि १७ ऑगस्टला राजदूत, अधिकारी व पहाऱ्याचे जवान हवाई दलाच्या विमानाने जामनगरला उतरले. इमारत मागे राहिली. जून २०२२ मध्ये भारताचे एक तांत्रिक पथक तेथे पुन्हा गेले, तेव्हा परराष्ट्र खात्याने जाहीर केले, की मधल्या काळात स्थानिक कर्मचारी काम करीत होते आणि जागेची देखभाल त्यांनीच केली होती.