पत्ता नसलेल्यांची घरवापसी

2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 17.7 लाख बेघर मोजले गेले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, सुमारे 9.4 लाख, शहरांत होते. बेघर म्हणजे भिकारी ही समजूत पक्की असली तरी खोटी आहे. फुटपाथवर झोपणाऱ्यांत नाक्यावरचे मजूर असतात, हमाल असतात, कचरावेचक आणि लग्नाच्या मांडवातले वाढपीही असतात. घरातून हाकललेल्या बायका आणि म्हातारी माणसे वेगळीच.

एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान एक निवारा केंद्र हवे आणि ते वर्षभर, चोवीस तास उघडे असावे, हा दंडक 2010 साली सर्वोच्च न्यायालयातील सुनावणीतून पुढे आला. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने तोच स्वीकारला आणि माणशी किमान 50 चौरस फूट जागेचा निकष घातला. निवारा उभारताना जागा मात्र फार जपून निवडावी लागते. हमाल बाजाराजवळच झोपतो, कारण पहाटेचा ट्रक चुकला की त्या दिवसाची मजुरी गेली. शहराच्या टोकाला बांधलेला निवारा कितीही स्वच्छ असला तरी त्याच्या उपयोगाचा नाही.

खरी अडचण कागदांची आहे. पत्ता नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून बँकेचे खाते नाही, आणि मग रेशन, पेन्शन, घरकुल यांतले काहीच हाती लागत नाही. निवारा केंद्राचे मोल इथे कळते, कारण मान्यताप्राप्त केंद्राच्या प्रमुखाचा दाखला आधारसाठी चालतो. मतदार यादीची सोय तर आणखी माणुसकीची आहे. बेघर माणसाने अर्जात झोपण्याची जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी (बीएलओ) तिथे रात्री जाऊन तो खरोखर तिथेच झोपतो का, हे पाहतो. एका रात्रीवर भागत नाही, पुन्हा जावे लागते. खात्री पटली की पत्त्याचा कुठलाही पुरावा मागता येत नाही. इतर योजनांनीही ही रीत उचलायला हवी.

रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णाला कागदांच्या आधी उपचार लागतात. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला संरक्षण देऊन आरोग्य संस्थेत पोहोचवण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था कर्जतच्या केंद्रात अशा रुग्णांवर उपचार करते आणि बरे झाल्यावर त्यांना त्यांच्या गावी, घरच्यांकडे नेऊन पोचवते. या कामासाठी वाटवानींना 2018 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

निवाऱ्यापासून स्वतःच्या घरापर्यंतची वाट सर्वांत लांब. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी ती चालून दाखवली. 1985 मध्ये पदपथवासीयांवर हटवले जाण्याची टांगती तलवार असताना स्पार्क या संस्थेने मुंबईतील सुमारे 6 हजार पदपथ कुटुंबांची पाहणी केली. पुढे या बायकांनी ‘महिला मिलन’ ही संघटना उभी केली, थोडेथोडे पैसे साठवले आणि आपल्या भावी घराचा पूर्ण आकाराचा नमुना उभारून तो लोकांना दाखवला. जागा छोटी, म्हणून छत 14 फूट उंच आणि आत पोटमाळा, असा त्यांचा हिशेब होता. पुढे मानखुर्दच्या मिलन नगरात त्यांना हक्काची घरे मिळाली.