ट्रॅक्टर स्वतः बघता, मग गाडी का नाही?

गेल्या महिन्यात शिवार फेरीच्या निमित्तानं खटाव तालुक्यातल्या एका वस्तीवर थांबलो होतो. घरमालकाच्या ट्रॅक्टरनं डिझेल लाइनमध्ये एअर धरला होता. गृहस्थांनी बोलता बोलता पाना घेतला, फिल्टरवरचा बोल्ट सैल केला, हातपंप मारून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल सोडलं आणि दहा मिनिटांत ट्रॅक्टर सुरू केला. पलीकडे बाभळीखाली त्यांची जुनी मारुती उभी होती. तिचं बॉनेट शेवटचं कधी उघडलं, असं विचारल्यावर म्हणाले, "साहेब, ते गॅरेजवाल्याचं काम. आपण त्याला हात लावत नाही."

हे चित्र आता घरोघरी आहे. नंबर एमएच ११ असो, एमएच १० असो, नाहीतर कराडची एमएच ५० असो, वाड्यावस्त्यांवर जुनी चारचाकी आली आहे. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली बंद झालं, पण गाड्या अजून चालतात. ही गाडी हौसेची नसते. रात्री-अपरात्री घरातलं आजारी माणूस दवाखान्यात न्यायचं असतं, पहाटे भाजीची क्रेट बाजारात पोचवायची असतात. आणि सर्व्हिसिंगचं बिल परवडत नाही म्हणून तीच गाडी दोन-दोन वर्षं तशीच पळवली जाते. खर्च वाचतो असं वाटतं, पण इंजिनाचं काम निघालं की सगळं वसूल होतं.

आधी जुनं बिल काढून वरून खाली वाचा. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, धुलाई, साफसफाईचं किरकोळ सामान आणि शेवटी मजुरी. यातली मजुरी, धुलाई आणि किरकोळ सामान घरी काम केल्यास वाचतं. ऑइल आणि फिल्टरचे पैसे मात्र द्यावेच लागतात, तिथं काटकसर करू नका. रस्त्यावरच्या टपरीतलं बिनबिलाचं, सील नसलेलं ऑइल कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. गाडी वॉरंटीत असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला जा.

आपल्या भागाला हे काम नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली. पुढं १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या कुंडलजवळच्या माळावर त्यांनी कारखाना उभा केला. तीच आजची किर्लोस्करवाडी. तिथून जवळच्या देवराष्ट्रे गावात तर एका कारागिरानं भंगारातल्या सामानातून किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली. २०२१ च्या अखेरीस तिची देशभर चर्चा झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्याला नवी बोलेरो मिळाली. आपल्याला जीप बनवायची नाही, फक्त ऑइल बदलायचं आहे.

गाडीसोबत आलेली पुस्तिका शोधा. ऑइल किती लिटर आणि कोणत्या ग्रेडचं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. लहान मारुतीला साधारण तीन लिटरच्या आसपास लागतं, जीप-बोलेरोला त्याच्या दुप्पट. ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल गाडीत ओतायची सवय आपल्याकडे फार आहे. पेट्रोल गाडीत ते चालत नाही. २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत तर मुळीच नाही. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो चुकीच्या ऑइलच्या राखेनं तुंबतो आणि त्याचा खर्च ऐकून झोप उडते.

गाडी सपाट जागेवर घ्या, पाच-दहा मिनिटं चालवून इंजिन कोमट करा, मग बंद करा. कोमट ऑइल पातळ होऊन गाळासकट खाली येतं. चेंबरच्या तळाचा बोल्ट रिंग पान्यानं खोला. साध्या पान्यानं त्याच्या कडा झिजतात. शेवटचे आटे हातानं फिरवा आणि हात बाजूला घ्या, ऑइल चटका देतं. बोल्टाचा वायसर शक्यतो नवा घाला. परत बसवताना दोन-तीन आटे हातानं गेल्याशिवाय पाना लावू नका आणि ताकद लावून पिळू नका. चेंबरचे आटे गेले की सगळी बचत वाहून जाते.

फिल्टरच्या बाबतीत माझीच चूक सांगतो. मी पहिल्यांदा घरी ऑइल बदललं, तेव्हा जुन्या फिल्टरचं रबरी कडं इंजिनालाच चिकटून राहिलं होतं. ते न बघता मी नवा फिल्टर आवळला. रबरावर रबर बसलं. गाडी सुरू केली तशी ऑइलची चिळकांडी उडाली आणि नवंकोरं ऑइल अंगणात सांडलं. नशीब, इंजिन लगेच बंद केलं. तेव्हा जुना फिल्टर निघाला की बसायची जागा पुसून बोटानं चाचपून बघा. नव्या रबराला नव्या ऑइलचं बोट लावा, रबर टेकेपर्यंत फिरवा आणि पुढं साधारण पाऊण फेरा फक्त हातानं आवळा. ऑइल भरल्यावर इंजिन मिनिटभर सुरू ठेवा. ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर बंद करा. मग पाच मिनिटं थांबून पट्टी बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावं, वरच्या खुणेच्या पुढं नको.

गाडी उचलायची वेळ आली तर एक गोष्ट पक्की ध्यानात धरा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. मुलाला तर अजिबात पाठवायचं नाही. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक खाली लावू नका, ते एकाएकी फुटतात. चाकांना पुढून-मागून जाड लाकडी ओंडके लावा आणि गाडी स्टँडवर टेकवा. स्टँड नसेल तर खाली जायचं काम गॅरेजवरच करून घ्या. जीप-बोलेरोला हा प्रश्न सहसा येत नाही, चार चाकांवर उभी असताना खाली सरकता येतं.

आता जळक्या ऑइलचं. हे सांगणं माझ्या खात्याचंही काम आहे. ते ओढ्यात, विहिरीच्या कडेला किंवा उकिरड्यावर ओतू नका. सरकारी नियमात ते घातक कचऱ्यात मोडतं. जनावराच्या जखमेवर किंवा गोचिडांवर कुणी लावत असेल तर तेही बंद करा, त्यात धातूचा अंश आणि विषारी घटक असतात. कॅनमध्ये भरून झाकण लावा आणि गॅरेजवाल्याकडे द्या, त्याच्याकडचं ऑइल गोळा होऊन पुढं जात असतं.

एअर फिल्टरचा हिशेब मात्र तालुक्यागणिक बदलतो. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागात उन्हाळ्यात फुफाटा इतका असतो, की पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट बघून चालत नाही. महिन्यातून एकदा डबा उघडा. क्लिपा काढल्या की फिल्टर हातात येतो. जुन्या ट्रॅक्टरचा ऑइल-बाथवाला एअर क्लीनर आपण डिझेलनं धुतो, तसंच काहीजण गाडीचा कागदी फिल्टरही धुतात. तो तिथंच निकामी होतो. कागदी फिल्टर हलकेच आपटून झटका. कॉम्प्रेसरची हवा मारायची तर कमी दाबानं आणि आतून बाहेर. उजेडासमोर धरून प्रकाश दिसत नसेल तर नवा घाला. वाळवा, पलूस, कराड या ऊसपट्ट्यात धूळ कमी, पण उंदीर भारी. तोड सुरू झाली की ते फडातून निघून बॉनेटखाली बिऱ्हाड करतात आणि वायरी कुरतडतात. डबा उघडाल तेव्हा तेही बघा.

बॅटरीत आणि रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्या पूर्व भागातलं पाणी क्षारयुक्त, चुलीवरच्या पातेल्याला धरतो तसा थर रेडिएटरच्या नळ्यांतही धरतो. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरच, कूलंट पुस्तिकेत सांगितलेलं. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडून तोंड भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. बॅटरीची वायर काढताना मायनस आधी आणि जोडताना मायनस शेवटी.

ब्रेक मात्र घरी खोलू नका. स्टिअरिंग, डिझेल पंप आणि एअरबॅगच्या वायरी यांनाही हात नको. ब्रेकच्या डबीतली पातळी तेवढी डोळ्यानं बघा. ती खाली गेली असेल तर नुसतं ऑइल ओतून गप्प बसू नका, कारण ब्रेक पॅड झिजले किंवा कुठं गळती असली तरी पातळी उतरते. तिथं साधं इंजिन ऑइल पडलं तर आतली रबरं फुगतात आणि ब्रेक जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते गॅरेजमध्ये बदलून घ्यावं. ओलावा धरलेलं ऑइल पसरणीचा, केळघरचा किंवा कुंभार्लीचा घाट उतरताना तापून उकळतं आणि पेडल थेट तळाला जातं. घाट खालच्या गिअरमध्ये उतरा, हे एसटीच्या ड्रायव्हरला सांगावं लागत नाही. आपल्या पोरांना सांगावं लागतं.

शेवटी कृष्णा-वारणाकाठच्या गावांसाठी. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पाणी ओसरल्यावर "चालू होते का बघू" म्हणून चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि पिस्टनचा रॉड वाकतो. गाडी पाण्यात किंवा चिखलात असतानाच फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, जमलं तर बॅटरीचा मायनस काढा आणि गाडी सुरू न करता ओढून गॅरेजला न्या. ट्रॅक्टरनं ओढायची तर हळू, आणि गिअर न्यूट्रलला आहे का हे आधी बघून.