बाळगोळी आणि बाळंतिणीचा पगार

१९२१ साली मुंबईत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून अधिक बाळे वर्षाच्या आत दगावली. हा आकडा थोडा फुगलेला आहे. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात. जन्म गावात होई, मृत्यूची नोंद मुंबईत. तरीही चित्र भीषणच होते, आणि सर्वाधिक मृत्यू एका खोलीच्या बिऱ्हाडांत होत.

दोष मात्र आईच्या अज्ञानाला दिला जाई. गिरणीतल्या आईला बाळंतपणात पगाराची हमी नव्हती. चूल पेटावी म्हणून ती ओली बाळंतीण असतानाच कामावर जाई. बाळाचे दूध तुटे. ते दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी दिली जाई.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे राष्ट्रहिताचे आहे, त्याचा मोठा भार सरकारने उचलावा, पण मालकालाही जबाबदारी टाळता येणार नाही, ही त्यांची भूमिका होती. बाबासाहेब आणि माता रमाईंनी स्वतः चार लेकरे गमावली होती. १९२९ साली कायदा झाला. पण तो कारखान्यातल्या बायकांपुरता.

आजही घरकाम करणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या आपल्या किती भगिनींना बाळंतपणात पगार मिळतो? वस्तीत लसीकरणाची चौकशी करताना आपण आईला हेही विचारायला हवे: ताई, कामावर कधी जावे लागणार?