मुख्याध्यापकाची पूर्वतयारी

अंधेरी-बोरिवली काय किंवा घाटकोपर-मुलुंड काय, आपल्या अनुदानित मराठी शाळांचे सुकाणू कोणाच्या हाती असते? १९८१ च्या नियमावलीनुसार खासगी शाळेचे मुख्याध्यापकपद सामान्यतः पात्र शिक्षकांतील सेवाज्येष्ठाकडे जाते. त्यामुळे वशिल्याला आळा बसतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु पंचवीस वर्षे गणित शिकविलेल्या गुरुजींवर किंवा बाईंवर एका सकाळी वेतनपत्रके, अनुदान आणि पटसंख्या यांचा भार येऊन पडतो. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतात. म्हणून पालकांच्या दारीही त्यांनाच जावे लागते. हे त्यांना शिकविले कोणी? ज्येष्ठतेने पाळी ठरते, तयारी होत नाही. पाळी येण्यापूर्वी दोन वर्षे संस्थेने त्यांना कारभारात सोबत घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे. उमेदवारी खुर्चीत बसल्यावर सुरू झाली, तर तिच्यातल्या चुका अखेर मुलांनाच भोवतात.