विश्लेषण : ‘मेश’ जाळ्यात उपकरणे वाढली की वेग का घटतो?

घराच्या कानाकोपऱ्यात वायफाय पोहोचावे म्हणून दोन-तीन उपकरणांचा ‘मेश’ संच हल्ली अनेक जण घेतात. भिंतीआड रेंज येते, फोनवर सगळ्या दांड्या दिसतात. वेग मात्र अनेकदा निम्म्यावर येतो. दर वेळी दोष उपकरणाचाच असतो असे नाही. बिनतारी जाळे किती भार वाहू शकते, याची मर्यादा संशोधकांनी पाव शतकापूर्वीच गणिताने मांडली आहे.

मेश जाळे म्हणजे काय?

नेहमीच्या वायफायमध्ये प्रत्येक फोन थेट राउटरशी बोलतो आणि राउटर केबलने इंटरनेटला जोडलेला असतो. मेशमध्ये प्रत्येक उपकरण, म्हणजे नोड, शेजाऱ्याचा निरोपही पुढे पोहोचवतो. माहितीचे पॅकेट एका नोडकडून दुसऱ्याकडे टप्प्याटप्प्याने जाते. प्रत्येक नोडपर्यंत केबल न्यावी लागत नाही आणि एखादा नोड बंद पडला तरी दुसरी वाट शोधता येते. हिमाचल प्रदेशातील धरमशाला येथे डोंगराळ भागासाठी २००५ मध्ये असे जाळे उभारले गेले. २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यूयॉर्कला तडाखा दिला, तेव्हा ब्रुकलिनमधील रेड हूक वस्तीचे छोटे मेश जाळे रहिवाशांच्या कामी आले.

वेग जातो कुठे?

केबलमध्ये प्रत्येक तार वेगळी असते, हवा मात्र सर्वांची एकच. एका चॅनेलवर एक नोड बोलत असताना त्याच्या टप्प्यातील इतरांना गप्प राहावे लागते, नाहीतर दोघांचेही पॅकेट वाया जाते. शिवाय एकच रेडिओ असलेल्या नोडला त्याच चॅनेलवर एकाच वेळी ऐकता आणि बोलता येत नाही. त्यामुळे मध्ये एक नोड आला की तेच पॅकेट हवेत दोनदा पाठवावे लागते आणि वेग अर्धा होतो. नोडची लांबलचक साखळी केली, तर मूळ क्षमतेचा आदर्श स्थितीत एक चतुर्थांश भागच हाती लागतो, असे २००१ मधील एका अभ्यासात दिसले. संगणकावरील प्रारूपात, वायफायच्या प्रचलित नियमांनुसार, तो सुमारे एक सप्तमांश भरला.

गुप्ता-कुमार यांचे गणित काय सांगते?

पीयूष गुप्ता आणि आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी पी. आर. कुमार यांनी २००० मध्ये हा प्रश्न व्यापक रूपात सोडवला. ठरावीक क्षेत्रात नोड यादृच्छिक पद्धतीने विखुरलेले आहेत आणि प्रत्येकाला दूरच्या कुणाशी तरी बोलायचे आहे, असे त्यांनी गृहीत धरले. नोड वाढले की गोंगाट टाळण्यासाठी प्रत्येकाने हळू बोलायचे, म्हणजेच पल्ला कमी ठेवायचा. पण पल्ला कमी झाला की टप्पे वाढतात आणि नोडचा बहुतेक वेळ इतरांचे निरोप वाहण्यात जातो. त्यांच्या सूत्रानुसार नोड १०० वरून १०,००० झाले, तर जाळ्याची एकूण क्षमता १०० पट नव्हे, सुमारे सात पटच वाढते. प्रत्येकाच्या वाट्याला येणारा वेग आधीच्या साधारण चौदाव्या हिश्श्यावर येतो.

जवळची वाट नेहमीच चांगली का नसते?

क्षमतेला मर्यादा असली, तरी आहे ती वाया जाऊ न देणे अल्गोरिदमच्या हाती असते. सर्वांत कमी टप्प्यांचा मार्ग निवडणे सोपे. पण त्यातले टप्पे लांब आणि म्हणून कमकुवत असतात. अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २००३ मध्ये ‘ईटीएक्स’ हे माप मांडले : एक पॅकेट पोहोचायला सरासरी किती वेळा पाठवावे लागेल? दोन्ही दिशांनी निम्मीच पॅकेट पोहोचत असतील, तर पॅकेट आणि त्याची पोच दोन्ही मिळण्याची शक्यता एक चतुर्थांश, म्हणून ईटीएक्स चार. दोन्ही दिशांनी ९० टक्के पॅकेट पोहोचत असतील, तर तो सुमारे १.२३. असे दोन चांगले टप्पे मिळून अडीचच्याही आत बसतात. थोडा वळसा घालून जाणारी वाट इथे खरोखर लवकर पोहोचवते.

कोणी कधी बोलायचे, हे कोण ठरवते?

कोणकोणत्या जोड्यांनी एकाच वेळी बोलावे, याचे सर्वोत्तम वेळापत्रक शोधणे हा सर्वसाधारण स्थितीत अतिशय अवघड प्रश्न आहे. नोड वाढतील तसे पर्याय प्रचंड वेगाने वाढतात. तासिउलास आणि एफ्रेमिडीस यांनी १९९२ मध्ये त्यासाठी एक नियम दिला. पाणी उताराकडे वाहते, तसे लांब रांग असलेल्या नोडने आखूड रांगेच्या शेजाऱ्याकडे पॅकेट द्यावे आणि जिथे हा फरक मोठा, त्या जोड्यांना आधी संधी मिळावी. हा नियम जाळ्याची पूर्ण क्षमता वापरतो. पण त्यासाठी साऱ्या जाळ्याची खबर एकाच ठिकाणी लागते. पुढे जियांग आणि वालरँड यांनी दाखवले, की प्रत्येक नोडने आधी कानोसा घेतला आणि स्वतःची रांग पाहून थांबण्याचा कालावधी बदलला, तरी आदर्श परिस्थितीत या क्षमतेच्या जवळ जाता येते.

ग्राहकाने काय लक्षात घ्यावे?

रेंजच्या दांड्या फक्त फोन आणि जवळचा नोड यांच्यातले नाते सांगतात. पुढच्या टप्प्यांची अवस्था त्यात दिसत नाही. त्यामुळे नोड अगदी रेंज नसलेल्या कोपऱ्यात न ठेवता राउटर आणि तो कोपरा यांच्या मधोमध ठेवावा. शक्य असल्यास नोड केबलने राउटरला जोडावेत. तेवढा भार हवेतून उतरतो. केबल शक्य नसेल, तर आपसातील संवादासाठी स्वतंत्र रेडिओ असलेले संच बरे. वस्तीचे किंवा गावाचे जाळे असेल, तर नुसते नोड वाढवण्यापेक्षा इंटरनेटला थेट जोडलेली ठिकाणे वाढवावीत, म्हणजे टप्पे कमी होतात. स्मार्ट वीज मीटरसारख्या थोडीच माहिती पाठवणाऱ्या उपकरणांना मेश चांगले मानवते. घरात एकाच वेळी चार जण चित्रपट पाहणार असतील, तर मात्र खरेदीआधी टप्पे मोजलेले बरे.