ओढणारे, सोडणारे

हातगाडीवाला चढावर गाडी लोटतो तेव्हा त्याच्या अंगातला एकही स्नायू ढकलत नसतो. ऐकायला विचित्र वाटतं, पण हे अक्षरशः खरं आहे. आपल्या मर्जीनं हलणारे सहाशेहून अधिक स्नायू शरीरात आहेत आणि त्या सगळ्यांना एकच काम येतं: आखडणं. आपली दोन टोकं जवळ ओढायची, बस्स. मग गाडी पुढे जाते कशी? दंडाच्या मागच्या बाजूला ट्रायसेप्स असतो. त्याचं खालचं टोक कोपराच्या टोकदार हाडाला जोडलेलं आहे, जे आपण वाचता वाचता टेबलावर टेकवतो तेच. ट्रायसेप्स आखडला की हे टोक दंडाच्या दिशेनं वर खेचलं जातं. मधे कोपराचा सांधा आस म्हणून असल्यामुळे त्याच हाडाचं दुसरं, लांबचं टोक उलट दिशेला जातं, आणि त्याच्यासोबत मनगट, तळहात आणि गाडीचा दांडा. स्नायू ओढतो, त्या ओढीचं ढकलणं सांधा करून देतो.

जीभ बाहेर काढण्याची गोष्टही तीच. लहान मूल वेडावून दाखवतं तेव्हा त्याची जीभ आतून कोणी ढकलत नाही. हनुवटीच्या आतल्या बाजूला पक्का बांधलेला एक स्नायू जिभेचा मागचा भाग पुढे ओढतो, म्हणून शेंडा ओठांबाहेर येतो.

या रचनेत स्नायूंना किंमत मोठी मोजावी लागते. कोपर काटकोनात वाकवून तळहातावर पाच किलो पिठाची पिशवी धरा. पिशवी कोपरापासून साधारण ३५ सेंटीमीटरवर आहे आणि कोपर वाकवणारे स्नायू हाडाला धरतात ते सांध्यापासून जेमतेम ४-५ सेंटीमीटरवर. म्हणजे ५ किलो पेलण्यासाठी त्यांना सात-आठ पट, जवळपास ४० किलोंची ओढ लावावी लागते. तोट्याचा व्यवहार वाटतो, पण त्यातून मिळतं ते अंतर आणि वेग. स्नायू एक सेंटीमीटर आखडला की तळहात सात-आठ सेंटीमीटर हलतो. घास तोंडाशी नेणं, चेंडू फेकणं, कानाशी गुणगुणणारा डास झटकणं, हे सगळं या एका प्रमाणावर चाललेलं आहे.

आता उजवी बाही कोपरापर्यंत सारा. कोपराखालचा हात डाव्या हातानं धरा आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून आवळा. हलतात बोटं, पण कातडीखाली काहीतरी सरकतं ते कोपराजवळ. बोटाच्या पेरांमध्ये बोट वाकवणारा एकही स्नायू नाही. तळहातात काही लहान स्नायू आहेत, ते नाजूक कामं सांभाळतात. मुठीची खरी ताकद कोपराखालच्या हातातून येते. तिथून निघालेल्या पांढऱ्या, चिवट कंडरा (डॉक्टर त्यांना टेंडन म्हणतात) मनगटातल्या अरुंद बोगद्यातून बोटांकडे जातात. त्या बोगद्यात अशा नऊ कंडरा आणि एक मोठी नस दाटीवाटीनं बसलेली असतात. तिथे थोडी सूज आली तरी नस दबते आणि रात्री-बेरात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते.

मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटणारी जागा बोटाच्या मुळाशी आहे. अंगठा सोडून प्रत्येक बोटाला वाकवायला दोन कंडरा येतात. एक मधल्या पेराला वाकवते, दुसरी टोकाच्या. अडचण अशी की टोकापर्यंत जाणारी कंडरा खालच्या थरात, हाडालगत आहे आणि मधेच थांबणारी तिच्या अंगावर. मग खालचीनं पुढे जायचं कसं? वरची कंडरा तिथे मधोमध दुभंगते, तिच्या दोन शाखा बाजूला होतात, त्या फटीतून खालची कंडरा वर येऊन टोकाकडे जाते आणि शाखा तिच्या मागे पुन्हा भेटून मधल्या पेराला चिकटतात. अठराव्या शतकातले डच शरीररचनातज्ज्ञ पेट्रस कँपर यांचं नाव या जागेला दिलेलं आहे. मोबाइलवर संदेश टाइप करताना, लसूण सोलताना, सुईत दोरा ओवताना त्या फटीतून ती कंडरा पुढे-मागे सरकत असते. आयुष्यभर.

अजून एक प्रयोग करा. पेन मुठीत घट्ट धरा आणि कोणाला तरी ते ओढायला सांगा. निघणार नाही. आता मनगट आतल्या बाजूला, जाईल तितकं वाकवा आणि पुन्हा ओढायला सांगा. पेन सहज निसटतं. मूठ नीट वळतसुद्धा नाही. मनगट वाकल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. हाताच्या पाठीवरच्या कंडरा ताणल्या गेल्या आणि बोटांना मागे खेचू लागल्या, आणि बोटं वाकवणारे स्नायू आधीच इतके आखूड झाले की पुढे ओढायला त्यांच्यात जोर उरला नाही. म्हणूनच आपण काहीही घट्ट धरतो तेव्हा हाताच्या मागच्या बाजूचे स्नायूही आखडतात. मनगट आत वळू नये म्हणून ते त्याला मागून धरून ठेवतात. मूठ आवळल्यावर काहींचं कोपर बाहेरून का दुखतं, याचं उत्तर इथे आहे. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरमुळे या दुखण्याचं 'टेनिस एल्बो' हे नाव घराघरात पोचलं, पण हा त्रास असणाऱ्या कितीतरी लोकांनी रॅकेट कधी हातातही धरलेली नसते. कपडे पिळणं, स्क्रू-ड्रायव्हर चालवणं, जड पिशव्या धरणं एवढं पुरतं.

पण आखूड झालेला स्नायू दुबळा का होतो? हे समजायला बरंच आत उतरावं लागतं.

स्नायूचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की त्यावर गडद आणि फिकट आडवे पट्टे दिसतात. गडद पट्ट्यात मायोसिन या प्रथिनाचे जाड धागे असतात. फिकट पट्ट्यातून ॲक्टिनचे बारीक धागे येतात आणि त्यांची टोकं जाड धाग्यांच्या मधे शिरलेली असतात. या पट्ट्यांच्या एका संचाला सार्कोमिअर म्हणतात आणि तो इतका लहान की एका मिलीमीटरमध्ये चारशेच्या वर मावतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक शास्त्रज्ञ असं धरून चालले होते की स्नायू आखडतो तेव्हा त्यातली प्रथिनंच घडी पडून आखूड होतात. मग २२ मे १९५४ च्या 'नेचर'मध्ये दोन लेख लागोपाठ छापून आले. एक केंब्रिजच्या अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगर्के यांचा, बेडकाच्या जिवंत तंतूंवरचा. दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, सशाच्या स्नायूंवर अमेरिकेत एमआयटीमध्ये केलेला. दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी काही नातं नव्हतं. दोन्ही जोड्यांना दिसलं मात्र एकच: स्नायू आखडताना गडद पट्ट्याची रुंदी तेवढीच राहते, फिकट पट्टा अरुंद होतो. म्हणजे कोणताच धागा आखूड होत नाही. धागे एकमेकांत सरकतात.

मुठीचं कोडंही इथेच सुटतं. स्नायू फार आखडला की दोन्ही बाजूंनी आलेले ॲक्टिनचे धागे मध्यावर एकमेकांवर चढतात आणि ओढीत अडथळा आणतात. फार ताणला की मायोसिनच्या पुढ्यात पकडायला ॲक्टिन उरत नाही. जोर सर्वांत जास्त लागतो तो मधल्या लांबीवर. मनगट किंचित मागे झुकवून वस्तू धरायची ही तुमची सवय कोणी शिकवलेली नाही, पण ती बोटांच्या स्नायूंना त्याच मधल्या लांबीवर ठेवते.

हे सरकणं घडवून आणतात मायोसिनच्या धाग्यावरची शेकडो डोकी. एकेक डोकं शेजारच्या ॲक्टिनला पकडतं, कलतं, त्याला थोडं ओढतं, सोडतं आणि पुढे जाऊन पुन्हा पकडतं. एका ओढीत धागा सरकतो फार तर १० नॅनोमीटर, म्हणजे मिलीमीटरचा एक लाखावा भाग. रस्सीखेच जिंकणाऱ्या संघात सगळे एकाच वेळी हात बदलत नाहीत. काहींनी दोर घट्ट धरलेला असतो तेव्हा बाकीचे पुढची पकड घेतात. ही डोकीही तशीच आळीपाळीनं काम करतात, म्हणून ओढ तुटत नाही. आणि हजारो सार्कोमिअर एकापुढे एक जोडलेले असल्यामुळे त्या नॅनोमीटरांची बेरीज होत होत तळहात उचलला जातो.

आता जी गोष्ट येते ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी वाचन थांबवून बराच वेळ नुसता आपल्या हाताकडे बघत राहिलो होतो. या यंत्रणेचं इंधन म्हणजे एटीपी. आपल्याला वाटेल, इंधन लागत असेल ते पकडायला आणि ओढायला. प्रत्यक्षात एटीपीचा रेणू डोक्यात येऊन बसतो तेव्हा डोकं ॲक्टिनला सोडतं. मग तो रेणू फुटतो, त्याच्या ऊर्जेनं डोकं पुढच्या ओढीसाठी सज्ज होतं. पकडलेलं डोकं नवा एटीपी आल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे सोडायलाही खर्च आहे.

आणि याचा पुरावा प्रत्येक घरानं कधी ना कधी पाहिलेला असतो. माणूस गेल्यावर वडीलधारी मंडळी त्याचे डोळे लगेच मिटतात, हातपाय सरळ करतात, हनुवटी बांधतात, कारण काही तासांत शरीर ताठ होणार हे त्यांना ठाऊक असतं. श्वास थांबला, एटीपी तयार होणं थांबलं, उरलासुरला संपला. डोक्यांनी ॲक्टिनला धरलं आणि सोडायला काही उरलं नाही. पुढे प्रथिनंच विघटित होऊ लागतात तेव्हा तो ताठरपणा जातो. उन्हाळ्यात हे सगळं लवकर घडतं.

जिवंतपणी ही डोकी सतत ॲक्टिनला का धरून बसत नाहीत, याचं उत्तर कॅल्शियम. स्नायूच्या पेशीत कॅल्शियम बंदिस्त कप्प्यांत साठवलेलं असतं. मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून आला की ते बाहेर पडतं, ॲक्टिनवरची पकडीची जागा उघडी होते आणि ओढ सुरू होते. कॅल्शियमचं महत्त्व कळण्याची कथा १८८३ ची. लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचं हृदय मिठाच्या द्रावणात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होते आणि ते छान चाललं होतं. मग लक्षात आलं की द्रावण शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात बनवलेलं आहे. शुद्ध पाणी वापरून पाहिलं तर हृदय थांबलं. नळाच्या पाण्यातलं थोडंसं कॅल्शियम हृदय चालवत होतं. दवाखान्यात खाटेशेजारी टांगलेल्या 'रिंगर लॅक्टेट'च्या बाटलीवर आजही त्यांचं नाव असतं. आणि आखडून झाल्यावर हे कॅल्शियम कप्प्यांत परत भरायलाही एटीपीच लागतो. स्नायू सैल पडणं हे विश्रांती घेण्याइतकं सोपं नाही. तेही काम आहे.

एका स्नायूला आखडायला सांगताना मज्जारज्जू त्याच्या विरुद्ध बाजूच्या स्नायूला ढिलं व्हायला सांगतो, हे चार्ल्स शेरिंग्टन यांनी दाखवलं. मज्जापेशींवरच्या कामासाठी १९३२ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. पण कधी कधी स्नायूनं धरूनही ठेवायचं असतं आणि लांबही व्हायचं असतं. पुणेकरांना हे सिंहगडावर कळतं. आतकरवाडीच्या वाटेनं चढताना दम लागतो, घाम निघतो. उतरताना गप्पा मारत खाली येता येतं. आणि दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या अशा भरून येतात की कठड्याला धरावं लागतं. त्या भरतात चढण्यानं नव्हे, उतरण्यानं. उतरताना प्रत्येक पावलाला गुडघा वाकतो आणि मांडीचा पुढचा स्नायू शरीराचं वजन झेलत, आखडायचा प्रयत्न करत असतानाच ताणला जातो. इथे कित्येक डोकी एटीपी येऊन सुटत नाहीत. वजनाच्या ओढीनं त्यांची पकड जबरदस्तीनं तुटते. म्हणून इंधन कमी जळतं, दम लागत नाही, पण तंतूंना बारीक इजा होते. दोष मात्र लॅक्टिक ॲसिडला दिला जातो, जे घरी पोचेपर्यंत निवळलेलं असतं.

झेलण्याचं हे काम किती स्वस्त पडतं हे १९५२ मध्ये ॲबट, बिगलंड आणि रिची या तिघांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून, साखळीनं जोडून दाखवलं. एकानं पुढे पेडल मारायचं, दुसऱ्यानं मागे फिरणाऱ्या पेडलना विरोध करायचा. जोर दोघांचा सारखाच. लंडनच्या रॉयल सोसायटीतल्या प्रात्यक्षिकात लहानखुऱ्या ब्रेंडा बिगलंड विरोध करायला बसल्या आणि पेडल मारणारा धिप्पाड पुरुष दमून गेला.

हीच मेहनत काही दिवसांनी पुन्हा केली तर दुखणं पुष्कळ कमी होतं. एका उतरणीनं स्नायूत जी दुरुस्ती होते ती काही आठवडे टिकते. गडावर जायचं ठरलं असेल तर आधीच्या आठवड्यात दोन-तीनदा सोसायटीचे जिने उतरून घ्या. चढून नाही, उतरून.