घरच्या घरी सोलर: कुठे हात चालवावा, कुठे आवरावा

पॅनेल ऑनलाइन मिळतं, इन्व्हर्टर बाजारात मिळतो, जोडणी कशी करायची ते मोबाइलवर दिसतं. मग ठेकेदाराला पैसे कशाला द्यायचे? हा प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली सारखाच ऐकू येतो, आणि तो चुकीचाही नाही. पण त्याच्याभोवती काही समजुती अशा घट्ट बसल्या आहेत, की पैसे वाचवायला निघालेला माणूस दुप्पट खर्च करून बसतो. त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज १ : सोलर लावलं की लाइन गेली तरी घर चालू.

वस्तुस्थिती : अनुदानातून छतावर बसणारी बहुतेक यंत्रणा ‘ऑन-ग्रिड’ असते. तिच्यात पॅनेल, इन्व्हर्टर आणि घेतलेली व परत दिलेली वीज वेगवेगळी मोजणारं नेट मीटर असतं; बॅटरी नसते. महावितरणची लाइन गेली की हा इन्व्हर्टर भर दुपारीसुद्धा आपोआप बंद पडतो. तो बिघाड नाही. तुमच्या छतावरची वीज तारेत शिरून खांबावर चढलेल्या लाइनमनला झटका बसू नये, म्हणून तशी सोय मुद्दाम केलेली असते. लाइन गेल्यावर दिवे-पंखे हवे असतील तर बॅटरीची ‘ऑफ-ग्रिड’ यंत्रणा लागते, किंवा दोन्ही कामं करणारी पण महाग ‘हायब्रिड’. म्हणून खरेदीआधी एकच गोष्ट ठरवा: बिल कमी करायचंय की अंधार टाळायचाय? दोन्हींची यंत्रणा वेगळी आणि हिशेबही वेगळा.

गैरसमज २ : स्वतः बसवलं की सगळ्यात स्वस्त पडतं.

वस्तुस्थिती : बिल कमी करायचं असेल तर बहुधा उलटंच होतं. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजने’त १ किलोवॅटला ३० हजार, २ किलोवॅटला ६० हजार आणि ३ किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८ हजार रुपये केंद्राचं अनुदान आहे. त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, नोंदणीकृत विक्रेता, देशी बनावटीचे सेल असलेली पॅनेल आणि नेट मीटर या अटी आहेत. ३ किलोवॅटचा खर्च साधारण दीड ते दोन लाखांच्या घरात जातो. स्वतः बसवून मजुरीचे काही हजार वाचतील, पण ७८ हजारांवर पाणी सोडावं लागेल.

मात्र ३ किलोवॅट प्रत्येकाला लागतंच असंही नाही. १ किलोवॅटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी धरली तर दिवसाला साधारण ४ युनिट मिळतात, म्हणजे महिन्याला १२० च्या आसपास. महावितरणचे दर टप्प्यांचे आहेत. पहिली १०० युनिट स्वस्त, पुढची चढत्या भावाची. सोलर आधी ही महाग युनिट वाचवतं. ज्यांचं बिल १०० युनिटांच्या आतच असतं, त्यांचे पैसे वसूल व्हायला जास्त वर्षं लागतात. घेण्याआधी मागच्या वर्षाची बारा बिलं समोर ठेवा.

गैरसमज ३ : पॅनेलची पिन घरातल्या सॉकेटमध्ये खोचली की मीटर उलटं फिरतं.

वस्तुस्थिती : नेट मीटर नसलेल्या घरातली अनेक डिजिटल मीटर वीज कुठल्या दिशेनं गेली ते पाहत नाहीत. बाहेर गेलेलं युनिटही ती वापरात मोजतात. म्हणजे वीज तुम्ही तयार करायची आणि तिचं बिलही तुम्हीच भरायचं. शिवाय परवानगीशिवाय लाइनला वीज जोडणं नियमाबाहेरचं आहे. लाइनशी संबंध न येणाऱ्या, फक्त बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या यंत्रणेला नेट मीटर लागत नाही. स्वतःच्या हातानं करायला खरा वाव तिथेच आहे.

गैरसमज ४ : बॅटरी लावली की बिल शून्य आणि कूलर रात्रभर.

वस्तुस्थिती : पाटीवर आकडे मांडून पाहा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या ट्युब्युलर बॅटरीत १.८ युनिट मावतात. तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची, म्हणजे ०.९ युनिट. इन्व्हर्टरची घट जाता हाती ०.८ उरतात. १५० वॅटचा कूलर त्यावर जेमतेम ५ तास चालेल. ७५ वॅटचे दोन साधे पंखेही तेवढेच. पण ३० वॅटचे दोन बीएलडीसी पंखे त्याच बॅटरीवर १३ तास फिरतील. कमी बजेटच्या सोलरची सुरुवात पॅनेलच्या दुकानात होत नाही, पंखे आणि बल्ब बदलण्यापासून होते. लोड निम्मा केला की बॅटरीही निम्मी लागते.

आता भाव. समजा बॅटरी १५ हजारांची आहे आणि अशी निम्मी-निम्मी वापरून ती १,५०० वेळा भरली-रिकामी झाली. एकूण मिळाली १,३५० युनिट, म्हणजे नुसत्या बॅटरीचाच खर्च युनिटमागे ११ रुपये. पहिल्या टप्प्यातली महावितरणची वीज यापेक्षा बरीच स्वस्त. बॅटरी अंधार टाळण्यासाठी घ्यावी, बिल टाळण्यासाठी नव्हे.

गैरसमज ५ : पॅनेल जितकं मोठं तितकं चांगलं, जुन्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला सरळ जोडायचं.

वस्तुस्थिती : ५४० वॅटचं पॅनेल सुमारे ४१ व्होल्टवर १३ अँपिअर देतं. पॅनेल आणि बॅटरीच्या मधे चार्जिंग सांभाळणारा स्वस्तातला पीडब्ल्यूएम चार्ज कंट्रोलर लावून ते १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं तर १३ अँपिअर तेवढेच राहतात, व्होल्टेज मात्र बॅटरीच्या पातळीवर येतं. हाती पडतात १७०-१७५ वॅट. बाकीच्या वॅटचे पैसे छतावर नुसते तापत राहतात. एमपीपीटी कंट्रोलर ही घट टाळतो, पण मग ४० अँपिअरच्या आसपासचा करंट एका बॅटरीला झेपत नाही. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला १५ ते २० अँपिअरचं चार्जिंग मानवतं, आणि त्यासाठी ३०० वॅटच्या आसपासचं पॅनेल पुरतं. कंट्रोलर घेताना त्याची कमाल व्होल्टेज मर्यादाही वाचा. थंडीत पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. उन्हाळ्यात ४९ व्होल्टच्या आत राहणारं पॅनेल डिसेंबरच्या सकाळी घाटावर पन्नाशी ओलांडतं आणि ५० व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर जळतो.

गैरसमज ६ : ऊन जितकं कडक तितकी वीज जास्त.

वस्तुस्थिती : पॅनेलला प्रकाश हवा, उष्णता नको. त्यावर छापलेले वॅट २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. पुढच्या प्रत्येक अंशाला वीज साधारण ०.३ ते ०.४ टक्क्यानं घटते. मे महिन्यात घाटाखाली पारा ४० च्या पुढे गेला की पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापतं आणि १४ टक्क्यांच्या आसपास वीज तिथेच जाते. म्हणून टिनपत्र्यावर पॅनेल चिकटवून ठोकू नका, खालून वारा खेळू द्या. तोंड दक्षिणेला आणि उतार २० अंशांच्या आसपास ठेवा. जिल्ह्याचे अक्षांशही तेवढेच आहेत. कडुनिंबाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली एकाच पॅनेलवर पडली तरी एका ओळीत जोडलेल्या साऱ्या पॅनेलची वीज घसरू शकते.

गैरसमज ७ : सोलरचा करंट सौम्य, साधा एमसीबी चालतो.

वस्तुस्थिती : इथे काटकसर जिवावर बेतते. घरातला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे स्विच उघडताना उडालेली ठिणगी विझते. पॅनेलचा डीसी करंट शून्यावर येतच नाही, म्हणून ठिणगी पेटती राहते आणि आग लागू शकते. सहा पॅनेल ओळीनं जोडली की ३०० व्होल्टच्या घरात डीसी तयार होतो, आणि ऊन असेपर्यंत पॅनेलला ‘बंद’ करणारं बटण नसतं. डीसीसाठीचाच एमसीबी, ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल, नीट दाबलेले कनेक्टर, बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूज, स्वतंत्र अर्थिंग आणि वीज पडण्यापासून बचाव करणारी सोय, यांतलं काहीही वगळू नका. धाब्याच्या घरावर किंवा जुन्या टिनांवर आधी छताची ताकद तपासून घ्या. वादळात पॅनेल म्हणजे शिडाचं कापडच.

गैरसमज ८ : एकदा बसवलं की २५ वर्षं बघायला नको.

वस्तुस्थिती : २५ वर्षांची हमी असते ती पॅनेलच्या वीजनिर्मितीची. इन्व्हर्टर आणि बॅटरी त्याआधी बदलावी लागते. ट्युब्युलर बॅटरी साधारण चार-पाच वर्षांत. धूळ पुसावी लागते, आणि घाटाखाली इथे एक मेख आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद भागातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यानं पॅनेल धुतलं तर काचेवर क्षारांचा पांढरा थर बसतो आणि तो धुळीपेक्षा चिवट असतो. साठवलेलं पावसाचं किंवा गोडं पाणी वापरा, आणि तेही सकाळी. तापल्या काचेवर थंड पाणी नको. खारवट मातीत अर्थिंगचा रॉडही लवकर गंजतो, त्याची तपासणी दरवर्षी करा. गारपिटीचं म्हणाल, तर चांगल्या पॅनेलची चाचणी २५ मिलिमीटरच्या गारेवर झालेली असते. त्याहून मोठ्या गारेची खात्री सहसा मिळत नाही, म्हणून विम्याची चौकशी करावी.

सारांश सरळ आहे. बिल कमी करायचं असेल तर अनुदानाच्या वाटेनं जा आणि बसवण्याचं काम नोंदणीकृत विक्रेत्याकडे सोपवा. तुमचं काम कोटेशन तीन ठिकाणांहून घेण्याचं. लाइन गेल्यावर चार दिवे आणि दोन पंखे चालवायचे असतील तर छोटी बॅटरी-यंत्रणा स्वतः उभारायला हरकत नाही. शेवटची जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. पैसे वाचवायचे ते लोड कमी करून आणि आकार बेतून. केबल, फ्यूज आणि अर्थिंगमध्ये नाही.